कोठीपासून चुलीपर्यंत : धानाच्या मुलखांतील गृहिणीचे श्रम

शेतकऱ्याच्या वहींत धानाचा हिशेब कोठें संपतो, हें प्रथम पाहूं. नांगरट, चिखलणी, पऱ्हे, रोवणी, निंदण, कापणी, पुंजणें आणि मळणी इतक्या क्रियांचा खर्च मांडला जातो. खळ्यावर धान मोजलें जातें. विकावयाचें तें वेगळें काढून उरलेलें कोठींत भरलें जातें. आणि कोठीचें तोंड लिंपलें कीं त्या सालचा हिशेब पुरा झाला, असें मानण्याची चाल आहे. परंतु कोठींतील धान हें अद्याप अन्न नव्हे. त्यावर टरफल आहे, टरफलाखालीं कोंड्याचा पापुद्रा आहे, आणि माणसाच्या पोटास तें जसेंच्या तसें चालत नाहीं. बांधीपासून कोठीपर्यंतचा प्रवास जितका शेतीचा, तितकाच कोठीपासून चुलीपर्यंतचा प्रवासहि शेतीचाच होय. हा दुसरा प्रवास विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत आपल्या भागांत बहुतेक घरच्या बाईच्या हातून होत असे. त्या श्रमांचा तपशील काय, त्यांचें मोल काय, आणि तें काम गिरणीनें घेतल्यावर घरानें काय मिळविलें व काय गमावलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मुलूख

आज ज्यास आपण गोंदिया जिल्हा म्हणतों, तो १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा निघाला. ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्या काळीं गोंदिया, तिरोडा, आमगांव, देवरी हा सर्व टापू मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत होता. वैनगंगेपासून पूर्वेकडे डोंगर व रान यांच्या कडेनें पसरलेल्या या झाडीपट्टीचें मुख्य पीक धान, आणि धानाचा आधार तलाव व बोड्या. नवेगांवबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. गांवोगांवचे लहानमोठे तलाव मालगुजारी नष्ट झाल्यावर माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव, या नांवानें ओळखले जाऊं लागले.

पोवार, कुणबी, कोहळी, लोधी, गोंड, हलबा अशा अनेक समाजांचीं घरें या मुलखांत आहेत. घराघरांची चालरीत निराळी. कोठें सून रोवणीस चिखलांत उतरे, तर कोठें मोठ्या घरची बाई वाड्याबाहेर पाऊल टाकीत नसे. परंतु धानाचा तांदूळ झाल्यावांचून कोणाचीच चूल पेटत नसे. आणि म्हणून उखळ, मुसळ, सूप व जातें यांवांचून एकहि घर नव्हतें. फरक इतकाच कीं, गरिबाघरीं मुसळ स्वतःच्या हातीं असे, आणि मोठ्या घरीं तें कांडपिणीच्या हातीं असून मोजमाप व देखरेख गृहिणीची असे.

दिवसाची मांडणी

पहांटे जात्यावर बसणें हा दिवसाचा आरंभ. मुख्य अन्न भात असलें तरी तांदळाचें पीठ, डाळींचा भरडा व सणावारांचें दळण यांसाठीं जातें वरचेवर फिरेच. त्यामागून गोठ्यांतील शेण काढणें, सडासारवण, विहिरीचें किंवा तलावाचें पाणी भरणें, दूधताक आणि न्याहारी. न्याहारीस पुष्कळ घरीं रात्रींचा भात पाण्यांत घालून ठेवलेला असे; शेजारच्या छत्तीसगडांत यालाच बासी म्हणतात. शेतावर जाणाऱ्या माणसांची शिदोरी बांधून दिली कीं कांडण, पाखडण, निवडण. मग दुपारचा स्वयंपाक. मग उन्हांतलें वाळवण, सरपण, मुलांचें न्हाणें, फाटक्यातुटक्याला टांका. आणि दिवेलागणीस पुन्हां पाणी व पुन्हां चूल. पुरुषांच्या कामास हंगाम असे व हंगामानंतर विसावा असे. तिच्या कामास हंगाम असे, पण विसावा नसे.

यांतील एका पाण्याचेंच ओझें मोजून पाहूं. घरांत लहानमोठीं सात माणसें आहेत, आणि दोन घागरी मिळून वीस शेर पाण्याच्या चार खेपा रोज होतात, असें धरूं. दिवसाचें पाणी ऐंशी शेर, म्हणजे दोन मण. वर्षाचें सातशें तीस मण. गुरांचें पाणी, धुणें व सणासुदीचे पाहुणे यांत धरलेले नाहींत. ज्या शेतकऱ्यानें एका सालीं सातशें मण धान गाडीवर घालून बाजारांत नेलें असतें, त्याचें नांव पंचक्रोशींत झालें असतें. हें ओझें मात्र डोक्यावरून रोज घरांत येई आणि संध्याकाळपर्यंत संपून जाई. म्हणून तें कोणाच्या दृष्टीस पडत नसे.

सरपणाचाहि शेतीशीं संबंध आहे. चुलीस लांकूड मिळालें तर शेण उकिरड्यास जातें. लांकूड दूर गेलें तर त्याच शेणाच्या गोवऱ्या होतात व खत जळतें. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे डॉ. वोल्कर यांनीं १८९३ सालच्या आपल्या अहवालांत हेंच सांगितलें होतें, कीं शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानानें नव्हे, तर सरपणाच्या अभावानें. तात्पर्य, बांधींत किती खत पडावयाचें याचा निकाल कांहीं अंशीं बाईच्या डोक्यावरील मोळीनें लागत असे.

कोठी

मळणीनंतर धान अंगणांत पसरून नीट वाळविणें हें पहिलें काम. ओलसर धान कोठींत गेलें तर तें आंतून तापतें, कुबट होतें आणि त्याचा तांदूळ कांडतांना तुटतो. पुरेसें वाळलें किंवा नाहीं हें पाहण्यास घरांत यंत्र नव्हतें. दाणा दातांखालीं धरावा आणि तो कट्‌कन मोडला तर वाळला म्हणावा, हीच कसोटी. कोठी बांबूच्या तट्ट्यांची, माती व शेण यांनीं लिंपलेली. दरवर्षीं ती झाडावी, भेगा बुजवाव्या, कडुनिंबाचा पाला घालावा आणि मग भरावी. बियाण्याचें धान निराळें राखणें, त्यांत दुसरी जात मिसळूं न देणें, उंदीर व ओल यांपासून तें मृगापर्यंत सांभाळणें हेंहि गृहिणीच्याच नजरेखालीं चाले. येत्या सालच्या पिकाचा पाया अशा रीतीनें घरांत घातला जाई; वहींत मात्र बियाण्यापुढें 'घरचें' एवढा एकच शब्द लिहिला जाई.

येथें कोणी विचारील कीं, मळणी होतांच वर्षभराचें कांडण एकदम कां उरकून घेत नसत? याचें उत्तर दाण्याच्या रचनेंत आहे. टरफलासह असलेलें धान किडीपासून पुष्कळ सुरक्षित असतें व वर्ष-दोन वर्षें टिकतें. टरफल निघालें कीं कोंड्यांतील तेलास हवा लागते, तें खवट होऊं लागतें आणि तांदळास पोरकिडे लागतात. म्हणून हातसडीचा तांदूळ थोडथोडाच करावा लागे. धान साठवितां येतें. कांडणाचे श्रम साठवितां येत नाहींत. गृहिणीचें हें काम रोजचें कां झालें, याचें कारण तिच्या स्वभावांत किंवा रूढींत शोधण्याआधीं या एका गोष्टींत शोधलें पाहिजे.

कांडणें व सडणें

धानाचा तांदूळ करण्याच्या पायऱ्या अशा. प्रथम धान उखळांत घालून कांडावयाचें, म्हणजे टरफल फुटून सुटतें. मग सुपानें पाखडून तूस उडवावयाचा. न फुटलेले दाणे वेचून पुन्हां उखळांत. त्यानंतर त्याच तांदळास दुसऱ्यानें मुसळ देऊन सडावयाचें, म्हणजे वरचा तांबूस पापुद्रा कोंडा होऊन निघतो. पुन्हां पाखडावयाचें, चाळावयाचें व कण्या वेगळ्या काढावयाच्या. उखळाशीं दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनें मुसळ टाकीत; एकीचें मुसळ वर असतांना दुसरीचें खालीं. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटे.

ज्यांच्या घरीं ढेकी असे, तेथें काम हातांकडून पायांकडे जाई. ढेकी म्हणजे खुंटांवर तोललेला लांब लांकडी दांडा. एका टोकास पायानें दाबावें, म्हणजे दुसऱ्या टोकाचें मुसळ उचललें जाऊन जमिनींतील उखळांत पडतें. दाबणारीस अंगाचा भार उपयोगीं पडतो, त्यामुळें उखळापेक्षां यांत काम अधिक निघतें. परंतु उखळापाशीं बसणारीस दोन घावांच्या मध्यें हात घालून धान परतावें लागतें. तिचें लक्ष क्षणभर ढळलें तर बोटें चेंचावयाचीं.

शंभर शेर धानापासून वजनानें सुमारें पांसष्ट ते सत्तर शेर तांदूळ निघतो. वीसएक शेर तूस आणि उरलेला कोंडा. यांतील कांहींच फुकट जात नसे. अखंड तांदूळ भातासाठीं व पाहुण्यांसाठीं. कण्यांची पेज, आंबील किंवा पीठ. कोंडा दुभत्या गाईस व कामाच्या बैलांस. आणि टंचाईच्या दिवसांत माणसांनाहि. तूस मातींत मिसळून भिंतींच्या लिंपणास, आणि त्याची राख भांडीं घांसण्यास. काटकसरी बाईस 'कोंड्याचा मांडा करणारी' म्हणण्याचा प्रघात आपल्या भाषेंत आहे. हें केवळ अलंकारिक बोलणें नसून ज्या घरीं मुसळ चाले तेथील रोजचा व्यवहार होता.

भात शिजवितांना वेळून काढलेली पेज हीसुद्धां फेंकली जात नसे. भातांतील विद्राव्य सत्त्व त्या पाण्यांत उतरतें, हें तेव्हां कोणास शास्त्रानें ठाऊक नव्हतें. परंतु आजाऱ्यास, बाळंतिणीस व लेकरांस पेज द्यावी हें ठाऊक होतें.

श्रमांचा हिशेब

आतां या श्रमांस आंकड्यांत मांडूं. सात माणसांच्या त्याच घरीं दर माणशीं सरासरी अर्धा शेर तांदूळ रोज लागतो असें धरूं. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ९३३ ग्रॅमचा. दिवसास साडेतीन शेर तांदूळ, त्यासाठीं सवापांच शेर धान. वर्षास सुमारें अठ्ठेचाळीस मण धान. रोजच्या कांडण-सडण-पाखडणास दोन बायकांचे दीड-दीड तास लागतात असें धरलें, तर दिवसाचे तीन तास व वर्षाचे १,०९५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस मोजला तर हे एकशें सदतीस दिवस, म्हणजे एका माणसाचे पुरे साडेचार महिने झाले. वेळेचा आंकडा गृहीत धरलेला आहे. ज्यानें त्यानें आपल्या घरच्या वयोवृद्ध बाईस विचारून तो दुरुस्त करावा. पण तो अर्धा केला तरी दोन महिन्यांहून अधिक मजुरी उरतेच. यांत पाणी नाहीं, दळण नाहीं, स्वयंपाक नाहीं, गोठा नाहीं आणि मुलांचें संगोपनहि नाहीं. ज्या वहींत गड्याच्या एका दिवसाच्या गैरहजेरीची नोंद होई, तिच्यांत या साडेचार महिन्यांस जागा नव्हती.

सरकारी दप्तरांतहि तीच स्थिति होती. १९०१, १९११ व १९२१ च्या खानेसुमारींत माणसांचे दोन भाग केलेले आहेत : काम करणारे, आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे. १९११ च्या धंद्यांच्या यादींत तांदूळ कांडणारे व पीठ दळणारे असें एक सदरहि आहे. त्या पत्रकाच्या रीतीनें, शेजारणीचें धान मजुरीनें कांडणारी बाई काम करणारी ठरे. तेंच काम तितकाच वेळ आपल्या घरीं करणारी बाई अवलंबून असणारी ठरे. मुसळ तेंच, घामहि तोच. फरक फक्त धान कोणाचें याचा. आपल्या बळावर सात माणसांचें पोट चालविणारीस पोसली जाणारी म्हणून मोजणें, हा हिशेबाचा चमत्कारच म्हटला पाहिजे.

तिनें स्वतः मागें ठेवलेली नोंद एकच, ती जात्यावरच्या ओव्यांची. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर, सासर, भाऊ, देव, पाऊस यांच्या जोडीनें दळणाकांडणाचे कष्टहि आहेत. ज्या श्रमांस वहींत एक ओळ मिळाली नाहीं, त्यांस कंठांत लाखभर जागा मिळाल्या.

वाईट सालें

चांगल्या सालीं जें काम दिसत नाहीं, तें वाईट सालीं दिसूं लागतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत हवालदिल झाला. अशा वेळीं रानाकडे पाहावें लागे, आणि रानांतील अन्नाची ओळख बहुतांशीं बायकांनाच होती. मोहफुलें वेचून, वाळवून ठेवणें. टोरीचें तेल काढणें. कंद व भाज्या शोधणें हें त्यांचेंच काम. धानाच्या बांधींत मागाहून येणारी लाखोळी ही कमी पाण्यावर होते, म्हणून टंचाईंत तिचा आधार असे. पण तीच एक महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात. यांतील विषारी द्रव्याचा शोध १९६४ सालीं लागला. लाखोळी गरम पाण्यांत भिजवून तें पाणी ओतून दिलें तर विष बरेंच कमी होतें, हें आतां सिद्ध झालें आहे. म्हणजे शेतांत पिकलेलें धान्य अन्न ठरावयाचें कीं अपाय, हें चुलीपाशीं ठरतें.

१९१८ सालीं पाऊस बुडाला आणि त्याच सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या सांथीनें फार पोळलेल्या प्रांतांपैकीं एक. देशभर ऐन उमेदीच्या माणसांचा बळी अधिक गेला, आणि त्यांतहि बायकांचें प्रमाण पुरुषांहून जास्त होतें. याचें एक कारण त्याच वेळीं सांगितलें गेलें, तें असें कीं नित्याचीं कामें संभाळून घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषाहि त्यांच्याकडेच होती. शेतांतील धान उभें आहे, कोठींत थोडें उरलें आहे, पण तें कांडून शिजविणारी अंथरुणावर आहे, असें घर उपाशी राहतें. कोठीपासून चुलीपर्यंतची वाट किती लांब आहे, हें तेव्हां अनेक घरांस कळलें असेल.

गिरणी आली

बंगाल-नागपूर रेल्वेची कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद मापाचा लोहमार्ग गेला, व गोंदिया हें मोठें जंक्शन बनलें. धानाच्या मुलखाच्या मध्यावर असें ठिकाण झाल्यावर तेथें व्यापार जमला आणि पुढें गोंदिया तांदळाच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध झालें. खेड्यांतून हलर आले. दीड तासाचें काम कांहीं मिनिटांत होऊं लागलें. या सोयीस नांवें ठेवणारा मनुष्य बहुधा मुसळ न उचललेला असतो. म्हणून आम्ही प्रथमच सांगतों कीं, हा भार उतरला हें चांगलेंच झालें. खांदे, कंबर व गर्भारपण यांवर त्या मुसळाचा जो ताण पडे, तो परत यावा असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं.

परंतु भाराबरोबर आणखी तीन गोष्टी घरांतून गेल्या. पहिली म्हणजे कोंडा. हलरमध्यें तूस व कोंडा एकत्र दळून निघतो. जनावरांस देण्याजोगा स्वच्छ कोंडा हातीं येत नाहीं, आणि पुष्कळ वेळां तो गिरणींतच राहतो. दुसरी म्हणजे कांडपिणीची मजुरी. भूमिहीन घरांतील विधवा व वृद्ध बायका कांडणाच्या मोबदल्यांत तांदूळ व कण्या नेत असत. त्यांच्या हातचें काम यंत्रानें घेतलें व त्याच्या बदलीं दुसरें कांहीं दिलें नाहीं. तिसरी गोष्ट डोळ्यांस न दिसणारी, ती म्हणजे तांदळाचें सत्त्व.

या तिसऱ्या गोष्टीचा उलगडा जावा बेटांत झाला. तेथें आइकमन या डच वैद्यानें १८९० नंतरच्या वर्षांत असें पाहिलें कीं, नुसत्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि असडीक तांदूळ किंवा कोंडा दिला कीं त्या सुधारतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचें मूळ यावरून सांपडलें. १९१२ सालीं फुंक यानें अशा द्रव्यांस व्हिटॅमिन हें नांव सुचविलें. १९२६ सालीं जावांतच यान्सेन व डोनाट यांनीं कोंड्यांतून तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढलें. आज त्यास थायमिन अथवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. आइकमन यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅककॅरिसन व त्यांच्यामागून ॲक्रॉइड यांनीं तांदळाचा अभ्यास चालविला. गिरणीचा कच्चा सडीक तांदूळ खाणाऱ्या आंध्राच्या उत्तर किनाऱ्यावर बेरीबेरी होता. उकडा तांदूळ खाणाऱ्या लोकांत तो नव्हता. कारण धान उकडतांना कोंड्यांतील सत्त्व दाण्याच्या आंत शिरतें.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम हातसडीच्या कच्च्या तांदळांत थायमिन ०.२१ मिलिग्रॅम, तर गिरणीच्या कच्च्या तांदळांत ०.०६ मिलिग्रॅम असतें. आणि कोंड्यांत २.७० मिलिग्रॅम. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा जो थोडा अंश राहून जाई, त्यास व्यापारी उणेपणा समजे. तोच त्या तांदळाचा गुण होता. पांढरा शुभ्र तांदूळ अधिक टिकतो, म्हणून तो दुकानदाराच्या सोयीचा. म्हणजे पूर्वीं सत्त्व टिकविण्यासाठीं बाईनें रोज श्रम केले, आणि नंतर माल टिकविण्यासाठीं आपण सत्त्व टाकलें.

१९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. हातसडीच्या तांदळाचा प्रचार हें त्या संघाचें एक प्रमुख काम होतें. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं गिरण्यांचें नियमन करणारा कायदाहि झाला. तरी मुसळ मागें फिरलें नाहीं. आमच्या मतें याचें कारण उघड आहे. सत्त्व सर्वांस मिळावें, पण त्यासाठीं लागणारे श्रम मात्र एकीनेंच आणि मोबदल्यावांचून करावे, अशी ती मागणी घराघरांत झाली. ज्या श्रमास मोल नाहीं, तो श्रम सोडण्याची संधि मिळतांच माणूस सोडतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं.

आजचा धडा

आज उखळ बहुतेक घरांतून गेलें, नळ पुष्कळ घरीं आला, गॅसची चूल आली. परंतु न मोजलेलें काम संपलेलें नाहीं. त्याचें रूप पालटलें आहे. केंद्र सरकारच्या वेळवापराच्या पाहणींत २०१९ सालीं घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसास सरासरी २९९ मिनिटें, आणि घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटें वेळ बिनमोबदला घरकामांत जातो, असें आढळलें. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ व ८८ आहेत. पांच वर्षांत दोन्ही थोडे उतरले. अंतर होतें तेथेंच राहिलें.

तेव्हां शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी. एक, खाण्यासाठींचें धान गिरणींत नेतांना तांदूळ कमी सडावा असें सांगावें. पंधरावड्यापुरताच करून आणावा, म्हणजे तो खवट होणार नाहीं. जेथें तूस व कोंडा वेगळा निघतो अशी गिरणी पाहावी, आणि आपला कोंडा ताजा असतांनाच घरीं आणून जनावरांस घालावा. तो आपल्याच पिकाचा भाग आहे. दोन, नवें अवजार घेतांना फक्त शेताचा विचार न करतां घराचाहि करावा. पाणी दारांत आणणारा नळ आणि दळण जवळ आणणारी चक्की हींहि शेतीचींच अवजारें होत. तीन, यंत्रानें कोणाचें काम गेलें हें पाहावें व तिला दुसरें काम देतां येईल काय, याचा गांवानें विचार करावा. चार, पिकाच्या खर्चाच्या वहींत एक सदर वाढवावें : घरचे श्रम. वाळवण, साठवण, बियाणें राखणें, मजुरांचा स्वयंपाक, गोठा यांचे तास लिहावे आणि मजुरीच्या दरानें मांडावे. त्यामुळें रोकड वाढणार नाहीं, हें खरें. पण ज्या धानास आपण नफ्याचें समजतों त्याचा खरा खर्च काय, हें प्रथमच कळेल.

आणि शेवटची गोष्ट जमिनीची. विधवेस मालमत्तेंत हक्क देणारा १९३७ चा कायदा शेतजमिनीस लागू नव्हता. पुढें निरनिराळ्या प्रांतांस ती उणीव भरून काढण्यासाठीं वेगळे कायदे करावे लागले. म्हणजे जिनें जन्मभर त्या शेताचें धान कांडलें, तिच्यापाशीं धनी गेल्यावर शेत मागण्यास त्या कायद्यांत आधार नव्हता. १९५६ चा हिंदु वारसा कायदा व त्यांतील २००५ ची दुरुस्ती यांनीं पुष्कळ अंतर कापलें. शेतकरी संघटनेनें १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी बायकांचें मोठें अधिवेशन भरविलें. त्यानंतर शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला. शेतकऱ्यानें आपण होऊन आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा, असा तो कार्यक्रम. उपकार म्हणून नव्हे, तर देणें म्हणून. वर मांडलेला साडेचार महिन्यांचा हिशेब ज्यानें पिढ्यान्‌पिढ्यांनीं गुणून पाहिला, त्यास हें देणें किती मोठें आहे तें वेगळें सांगावयास नको. सातबाऱ्यावर तिचें नांव चढविणें हा त्या थकलेल्या बाकीचा एक हप्ता होय. आणि देणें मान्य करून हप्ता भरणें हेंच चांगल्या शेतकऱ्याचें लक्षण आहे.